वडिलांचा आवाज

तापलेल्या अ‍ॅडॉप्टरचा करपट वास आला, की अकोल्याच्या माहेरची मे महिन्यातली ती दुपार आठवते. वडील गेले होते आणि त्यांचा आवाज आता केवळ त्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये, एका व्हिडिओत उरला होता. फुगलेली बॅटरी काढून टाकलेली. वीज क्षणभर अडली तरी सारे विझणार होते. भाऊ अ‍ॅडॉप्टरची सैल पिन बोटांनी तिरकी दाबून बसला होता. शेजारी कूलर घरघरत होता; त्याचा पंप सुरू झाला, की स्क्रीन मिणमिणे. "आई, कूलर बंद कर वो, व्होल्टेज पडून राहिलं!" भाऊ ओरडला. आईने बटण दाबले. "जित्तेपणी बी असाच घाम काढे तुमचा बाप!" वाळ्याचा ओला गारवा विरला, खोली तापत गेली. व्हिडिओ पेनड्राइव्हवर उतरत होता; हिरवी पट्टी रेंगाळत सरकत होती, भावाच्या मनगटातली शीर थडथडत होती. अखेर पट्टी भरली. मी व्हिडिओ लावला. घसा खाकरून वडील बोलू लागले. आईच्या कपाळावरून घामाचे ओघळ उतरत होते, म्हणून मी कूलरच्या बटणाकडे हात नेला. स्क्रीनवरची नजर न हलवता आई मला म्हणाली, "नको."