भिंतीवरची साडी

शेजारी दाराला ऑइलपेंट लावतायत. त्या वासानं आजही माझं डोकं सणकतं.

नव्वदच्या दशकात मुरबाडच्या एका कापड दुकानाची भिंत मी रंगवली होती. जाहिरातीतली साडी मनानंच काढली: भाताच्या रोपांसारखी हिरवी, काठ पळसाच्या फुलांचा केशरी. दुसऱ्याच दिवशी जवळच्या वैशाखरे गावच्या बायका दुकानात येऊन तीच साडी मागू लागल्या.

शेठ माझ्यावर खेकसला, "असली साडी आपल्याकडं नाय! पूस ती. सिनेमातल्या साड्यांचा माल आलाय, त्या सिनेमातली हिरोईन रंगव."

मी चुना फिरवायला लागलो, तेव्हा एक बाई हळहळली, "कशाला पुसतोस रे? माझ्या पोरीच्या लग्नाला तीच घ्यायची व्हती."

हिरोईन कितीतरी वर्षं भिंतीवर राहिली. लोक थांबून म्हणायचे, "हुबेहूब!"

तो शब्द मला अजून शिवीसारखा लागतो.