तिसरा पक्का आहे

बाई वही विकत घेत नसत, तिची उलटतपासणी घेत. दुकानातच पिशवीतून शाईचं पेन काढायचं, शेवटच्या पानावर स्वतःचं पूर्ण नाव लिहायचं आणि पान उलटून उजेडाकडे धरायचं. मागून अक्षरं दिसली की वही बाद. वरठीच्या बाजारातला दुकानदार वैतागायचा. "बाई, वही घेता का सोयरीक जमवून राहिल्या?" बाई शांतपणे म्हणायच्या, "सोयरीक मोडता येते. लिहिलेलं कसं मोडाचं?"

आमच्या गावच्या शाळेतून त्या निवृत्त झालेल्या. बोटांचे सांधे आखडलेले. बॉलपेन दाबावं लागतं, शाईचं पेन नुसतं टेकवलं की चालतं, म्हणून ते. गावातले निम्मे अर्ज त्यांच्या अक्षरातले. मी पत्रकं लिहिणारी. माझं प्रत्येक पत्रक त्या चष्मा वर करून वाचायच्या आणि म्हणायच्या, "तुह्या पत्रकात सारी जनता पेटून उठते. आपल्या गल्लीत कोण उठला, तेवढं सांग."

गल्लीत तिघे उठले होते. रेतीचे ट्रॅक्टर नदीतल्या नळयोजनेच्या विहिरीला लागून खोदत होते. विहीर कलली तर अख्खं गाव कोरडं पडणार, हे कळायला शिक्षण लागत नाही. तिघांनी ट्रॅक्टर डोळ्यांनी पाहिले होते आणि ते सही करायला तयार होते. बाईंनी त्यांचे जबाब घरातल्या एका स्वस्त वहीच्या पानांवर लिहिले, पाठपोट. शाई फुटली. या बाजूची अक्षरं त्या बाजूला उतरली. तहसील कार्यालयाने अर्ज परत पाठवला: वाचता येत नाही.

मी संतापले. वाचायचंच नव्हतं त्यांना. पण बाईंनी ते स्वतःवर घेतलं. आयुष्यभर पोरांना शुद्धलेखन शिकवलं आणि आपलंच लिहिलेलं वाचता आलं नाही, हे त्यांना लागलं. त्याहून वाईट गोष्ट आम्हाला नंतर कळली. अर्ज आमच्या हातात परत यायच्या आधीच त्याचा फोटो रेती उपसणाऱ्यांच्या, घाटावरच्या मोबाइलांत फिरत होता. पहिली ओळ वाचता येत होती ना. तिथे तिघांची नावं होती, क्रमाने.

म्हणून आम्ही वरठीला गेलो. बाईंनी दुकानदाराला सांगितलं, तीन जणांचे जबाब मावतील असा कागद दाखव. त्याने तीन प्रकारच्या वह्या मांडल्या. बाईंनी तिन्हींवर नाव लिहिलं, पानं उलटली आणि शाळेतल्या खणखणीत आवाजात निकाल दिला, "पयला फुटते. दुसराबी फुटते. तिसरा पक्का आहे, तो नाही फुटत."

शेजारी झेरॉक्स काढायला एक पोरगा उभा होता. घाटावर ट्रॅक्टर चालवणारा. तो झेरॉक्स न घेताच निघून गेला. आम्ही पाहिलं, पण आम्हाला त्याचा अर्थ लागला नाही. कागद फुटतो तसा साक्षीदारही फुटतो, हे मराठी आम्हालाही येत होतंच की.

दिवेलागणीला किसनभाऊ बाईंच्या ओसरीवर आला. अर्जावर तिसरं नाव त्याचं. सायकल दारात आडवी टाकली, उभीही केली नाही. बांधावर त्याला चौघांनी अडवलं होतं. पहिल्या दोघांकडे ते फिरकलेही नव्हते, गरजच नव्हती. किसनभाऊने आल्या आल्या विचारलं, "बाई, मी पक्का आहे, मी फुटत नाही, असं तुमी भर बाजारात काहून सांगितलं?"

बाईंना उमजायला एक क्षण लागला. मग त्या खाली बसल्या. "मी कागदाबद्दल बोलली रे, बाबू," एवढंच त्या म्हणाल्या. किसनभाऊला ते पटलं. पण जे अडवून गेले होते, त्यांना कोण पटवणार?

दोन दिवसांनी ते बाईंकडे आले. मोटारसायकलवर दोघे, भर दुपारी, चपला बाहेर काढून. चहा प्यायले. मी तिथेच होते. एक जण म्हणाला, "बाई, तुमचं अक्षर लय सुंदर आहे. या वयात हात सांभारा." कप विसळून ठेवला आणि गेले. धमकी असती तर मी पत्रक काढलं असतं. या वाक्यावर कसलं पत्रक काढायचं?

त्याच आठवड्यात बाईंचा मुलगा नागपूरहून गाडी घेऊन आला. बाई भांडल्या नाहीत. रात्रभर दाराच्या कडीकडे पाहत बसते, असं त्यांनीच त्याला फोनवर सांगितलं होतं. जाताना किसनभाऊला बोलावून म्हणाल्या, "तू नाही म्हटलं तरी मी तुले नाव ठेवणार नाही." माझ्याकडे वही दिली आणि काच वर केली. एका शिक्षिकेला गाव सोडावं लागलं. ट्रॅक्टरांना नाही.

काल किसनभाऊ माझ्याकडे आला. "लिवा," म्हणाला. "माहंच नाव पयले लिवा." मी लिहू लागले. तो सांगत होता ते दोन्ही बाजूंनी लिहिलं आणि एकही अक्षर मागे उतरलं नाही. त्याने सही केली. न फुटणाऱ्या कागदाची एक खोड मात्र मला ठाऊक नव्हती. तो शाई पीत नाही, त्यामुळे ती लवकर सुकत नाही. सही ओली चमकत होती आणि दाराबाहेर एक मोटारसायकल येऊन थांबली. इंजिन चालूच होतं. मी वही मिटायला गेले.

किसनभाऊने माझं मनगट धरलं.

"मिटू नका," तो हळूच म्हणाला. "सुकू द्या."