दारातला ओलावा

कापसाचे ते वाईट दिवस होते. खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरनं माझ्या बापाच्या कापसानं भरलेल्या बैलबंडीत कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाला, "ओला हाय. ऊन चांगलं हाय, वाळव." कापूस कोरडा ठणठणीत होता. तरी बापानं तो दिवसभर ताडपत्रीवर पसरून ठेवला. संध्याकाळी ग्रेडरनं तोच कापूस हातही न लावता घेतला. तो माणूस मी विसरलो नाही.

पुढं यवतमाळात मी गाड्यांना सेंट्रल लॉक बसवायला लागलो. एका सकाळी तोच ग्रेडर आपली कार घेऊन आला. "लवकर कर, लग्नाले जाचं हाय." त्यानं मला ओळखलं नाही. मी सावकाश चारही दारांचे आतले पॅड उतरवले आणि वायरी बाहेर लोंबत ठेवल्या. अशी गाडी कुठं नेणार होता तो? मग दुकानात बसलेल्या बापाला हाक मारली. "बाबा, दारात ओल असन तं वायर टाकता येत नाही. पाहा बरं."

बापानं दारात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढून बोटं चोळली. दार कोरडं ठणठणीत होतं.

"ओलं हाय साहेब," बाप म्हणाला. "वाळू द्या. ऊन चांगलं हाय."