मसुरकरीण, आचरेकरीण आणि माझा मेवणा

साल एकोणीसशे एकसष्ट. मी अडतीस वर्षांचा होतो, आणि मालवणपासून देवबागच्या टोकापर्यंत चिनीमातीच्या जुन्या बरण्यांचा माझ्या मेवण्याइतका वेडा माणूस दुसरा नव्हता. आजही नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला. पण हे लिहून देतो, आणि खोडणार नाही. मेवणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. दर्या सुटला तसा देवबागला घर धरून एकटाच राहिला. लग्नाचं वय बंदराबंदरांत निघून गेलेलं. तेव्हा घरात जी जागा बायकोपोरांनी भरायची ती त्याने बरण्यांनी भरली. ओटीवर बरण्या, माजघरात बरण्या, देवाच्या खोलीतसुद्धा दोन. खाटेची त्यांना अडचण होते म्हणून खाट देऊन टाकली आणि आपण पडवीत चटईवर झोपू लागला.

कोणाच्या घरी गेला तर "बसा" म्हटलं तरी बसायचा नाही, सरळ स्वयंपाकघरात. बरणी दिसली की बोटाचं पेर वाकवून तिच्या पोटावर टकटक करायची आणि डोळे मिटून ऐकायचं, वैद्य नाडी बघतो तसं. खणखणीत वाजली की घरधनिणीला म्हणायचा, "वयनी, ही म्हातारी माका दी गो. तुका नवो जर्मनचो डबो देतंय, झाकणासकट." तेव्हा जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या डब्याचं बायकांना भारी अप्रूप, हसत हसत द्यायच्या. आचऱ्याची बरणी आणताना तर त्याने एस्टीत तिचं तिकीट काढलं, तिला खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः उभा. कंडक्टर म्हणाला, "तात्यानू, तुमी बसा, तिका खाली ठेवा." हा म्हणतो, "ती पयल्यांदाच घर सोडून येता. तिका धक्के नकोत."

प्रत्येक बरणीला तिच्या गावाचं नाव. आपल्याकडे सुनांना माहेरच्या गावावरून हाक मारतात, तशी एक मसुरकरीण, एक आचरेकरीण. एकदा वैभववाडीचे एक लांबचे पाहुणे त्याच्यासाठी स्थळ घेऊन आले. ओटीवर टेकतात न टेकतात तोच हा आतून ओरडला, "मसुरकरणीक आंघोळ घातलंय, आता आचरेकरीण ऱ्हवली! ती जाडी, दोघांनी धरूची लागता!" पाहुण्यांनी टोपी उचलली, ते चहालाही थांबले नाहीत. मेवणा मला विचारतो, "भावोजी, तेंका काय झाला असात?"

एकच बरणी त्याला कधी मिळाली नाही, आणि ती माझ्याच घरात होती. चार कानांची, काळपट तपकिरी, बायकोच्या आणि त्याच्या आईची. आईने ती लेकीला लग्नात दिली. दर चैत्रात मेवणा यायचा, ती वाजवून बघायचा, मागायचा. बायको म्हणायची, "दादा, आयेन ती माका दिल्यान. तुका दर्यो दिल्यान, तो तू सोडून इलंस." मग त्याने 'बरी आसा' म्हटल्यावरच ती खारातले आंबे घालायची. आईची म्हणून तिच्याकडे तेवढी एकच वस्तू होती.

त्या एकसष्ट साली बरणी माळ्यावरून उतरवायची होती. बायको म्हणाली, "दादाक येवंदेत, दोघां मिळान उतरवा." मी कोणाची वाट बघणारा माणूस नव्हे. ती विहिरीवर गेली आणि मी एकट्याने उतरवली. खाली पाट्याची कड लागली. केसाएवढी चीर गेली. मी चीर भिंतीकडे वळवली आणि गप्प राहिलो. चुकलो म्हणायची माझ्या जिभेला सवय नव्हती.

दोन दिवसांनी मेवणा आला. टकटक केली. बद्द आवाज आला, कुजक्या नारळासारखा. त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी नजर पाट्याकडे वळवली.

"काय रे दादा, बरी आसा ना?" बायकोने विचारलं.

"बेस आसा," तो म्हणाला. बरणीच्या बाबतीत जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला असेल. "पण गो, ह्या वर्सा ही माका दी. आयेची याद येता. बदल्यात आचरेकरीण घे."

बायको त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "वर्सभरच हां."

बरणी खांद्यावर घेऊन तो निघाला. मी बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत गेलो, तोंड उघडलं, "दादानू, ती..."

"भावोजी," तो न थांबता म्हणाला, "माका आताशा ऐकाक कमी येता."

संध्याकाळी गवतात गुंडाळलेली आचरेकरीण बैलगाडीतून आमच्या दारात उतरली. मेवणा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्याच्या बरण्या कुठे कुठे गेल्या. हल्ली शहरातली माणसं तसल्या बरण्या दिवाणखान्यात मांडतात आणि त्यांत सुकी फुलं खोचतात म्हणे. दिसतात छान. पण त्यांना कोणी टकटक करून विचारत नसेल, बरी आसंस मां, म्हणून.

आचरेकरीण आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायको कैऱ्या धुवायला बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हटलं, "तुझ्या आयेची बरणी मी फोडलंय. दादांक म्हायत होता." मान खाली घालूनच तिने निम्म्या कैऱ्या आणि एक कोरडं फडकं माझ्याकडे सरकवलं. मी एकेक कैरी पुसायला लागलो.