आमच्या साडूंचा चातुर्मास

माणसाला हॉटेलात सुखाने दोन घास खाऊ न देण्याची विद्या आमच्या साडूंइतकी साधलेला दुसरा इसम अख्ख्या सौदी अरबस्तानात नसावा, आणि इथे माणसं जगभरातून आलेली आहेत, हे लक्षात घ्या. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रियाधच्या एका बांधकाम कंपनीत ते ऑडिटचं काम बघतात. दिवसभर ऑफिसात फायलींवर संशय घ्यायचा आणि संध्याकाळी तोच संशय ताटावर घ्यायचा, असा त्यांचा दिनक्रम. तसे वर्षातले आठ महिने ते माणसात असतात. त्या आठ महिन्यांत बुक्कीने कांदा फोडून झुणक्याबरोबर खाणारा आणि ठेच्यात लसूण कमी पडला म्हणून हळहळणारा हा गृहस्थ आहे. पण आषाढी एकादशी आली की कांदा, लसूण, वांगं बंद, आणि पुढचे चार महिने आम्हा सगळ्यांचं जिणं हराम होतं.

अठरा वर्षांत ते अरबी शिकले ते एवढंच: ‘बिदून बसल, बिदून थूम’, म्हणजे कांद्याशिवाय, लसणाशिवाय. एवढ्या भांडवलावर त्यांनी एकदा फलाफलच्या, म्हणजे हरभऱ्याच्या वड्यांच्या दुकानात ऑर्डर दिली. वड्यात कांदा, चटणीत लसूण, लोणच्यात पुन्हा लसूण. त्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, दुकानदाराने शांतपणे सगळा विचार केला आणि रिकामी रोटी कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. साडूंनी ती उघडून तिचाही वास घेतला. रियाधच्या बथा भागातल्या एका शाकाहारी हॉटेलात ते थेट स्वयंपाकघरात शिरले आणि तव्यावर आधी काय भाजलं होतं याची चौकशी करू लागले. आचाऱ्याने झारा खाली ठेवून नमस्कार केला. तेव्हापासून त्या हॉटेलात मला एकट्यालासुद्धा कोपऱ्यातलं टेबल देतात. घरीही तेच. चातुर्मासात साडू जेवायला यायचे असले की माझी बायको वेगळी सुरी, चिरायचा वेगळा पाट काढते, आणि आमची कन्या ‘काका येतायत? देन आय ॲम नॉट हंग्री’ असं म्हणून खोलीचं दार लावून घेते.

या सगळ्यामागे देवधर्म फारसा नव्हता. कारण निराळं होतं, आणि ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी मुलांच्या शिक्षणासाठी ताई, म्हणजे माझी मेहुणी, मुलांना घेऊन सांगलीला परत गेली. विमानतळावर दोघांनी ठरवलं की वर्षातले चार महिने तरी दोघांनी एकच पथ्य पाळायचं. तिनेही कांदा-लसूण सोडायचा, यांनीही. साडू म्हणाले, ‘घरं दोन झाली, पण चार महिने ताट एकच राहील, एवढाच हिशेब.’ हे ऐकल्यावर त्यांना हसायची सोय राहिली नाही. तरी मी हसत आलो, कारण नाहीतर त्यांच्याबरोबर जेवणं अशक्य होतं. पुढच्या वर्षी कायमचं घरी जायचं, असं ते दर वर्षी म्हणत. मुलगा नोकरीला लागला, मुलीचं लग्न झालं, तरी पुढचं वर्ष पुढेच राहिलं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसातल्या एकाने उत्तर रियाधमधलं एक व्हिएतनामी शाकाहारी हॉटेल दाखवलं. पुढे जेवणाची टेबलं, आत चहाची बैठक. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मेवाल्या, काटक. मी साडूंना तिथे नेलं ती घोडचूकच केली असं पहिली दहा मिनिटं वाटत होतं, कारण बशीत समोर आला तो अख्खा मासा. सोयाबीनचा होता, पण कातडीसकट होता. साडू खुर्चीसकट मागे सरकले. बाईंनी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि सोयाबीन, केळफूल, अळंबी, सगळं दाखवलं. साडूंनी शेवटचं अस्त्र काढलं: बिदून बसल, बिदून थूम. बाईंना ते समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर त्यांचा अपमान झाला. त्यांनी मोडक्या इंग्रजीत सुनावलं की आपली आई देवळातल्या भिक्षुणींकडून स्वयंपाक शिकली, या मुदपाकखान्यात कांदा-लसूण कधी आलेला नाही आणि येणारही नाही. साडू बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मला म्हणाले, ‘या बाईंच्या घरी बारमाही चातुर्मास आहे.’

तेव्हापासून चातुर्मासातल्या दर शुक्रवारी आम्ही तिथे. साडू तांदळाच्या शेवयांचं सूप मागवत आणि वरची तुळशीसारखी पानं आधी हात जोडून मग खात. कमळाच्या चहाचं मात्र जमलं नाही. बोटभर कपातला तो फिका चहा त्यांनी तळहातावर घेऊन प्राशन केला आणि बाईंना सांगितलं, की तीर्थ छान आहे, आता चहा आणा. बाईंनी दुधाला साफ नकार दिला. या मुद्द्यावर दोघांचं तीन वर्षं भांडण चाललं. अमावास्या-पौर्णिमेला तिथे व्हिएतनामी मंडळींची गर्दी असते, कारण त्या दिवशी त्यांच्यात शाकाहार पाळतात. म्हणून साडूंनी सांगलीहून आणलेलं मराठी कॅलेंडर गल्ल्यामागे टांगून दिलं. तिथी एका दिवसाने चुकली की पुन्हा भांडण. मी मधे बसून गार होणाऱ्या सूपकडे बघत राही.

यंदा त्यांनी ताईला व्हिजिट व्हिसावर बोलावलं, तेही जुलैत. जुलैत शहाणा माणूस रियाधमध्ये कोणाला बोलावतो का? पण चातुर्मासाशिवाय बोलावण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता. दोघांनी एका टेबलावर ते ताट जेवायचं, हे त्यांनी तीन वर्षं मनात धरलं होतं. बाईंना आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी साडूंनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ताई बसली, आजूबाजूला बघून हसली. सूप आलं. तिने दोन चमचे घेतले आणि माझ्या बायकोकडे वळून अगदी सहज म्हणाली, ‘मिळमिळीत आहे गं. जरा लसूण सांग ना त्यांना.’

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग सगळ्यांच्या एकदमच आलं. ताईने चमचा खाली ठेवला.

‘तू खातेस?’ साडूंनी विचारलं.

‘तिसऱ्याच वर्षी सोडलं हो पथ्य,’ ताई म्हणाली. ‘मुलांचे डबे, माझी शाळा, दोन-दोन स्वयंपाक होईनात. सांगणार होते. पण तुम्ही फोनवर इतक्या हौसेने सांगायचात, आज हे मिळालं, आज ते नाही मिळालं. मग धीर झाला नाही.’

साडू चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शेवयांचा वाडगा तिच्याकडे सरकवला, लिंबू पिळून दिलं, आणि म्हणाले, ‘म्हणजे बारा वर्षं मी एकटाच जेवत होतो.’ आवाज अगदी साधा होता. वाडगे सगळ्यांचे भरलेलेच राहिले. बाईंना वाटलं जेवण बिघडलं, आणि त्यांनी न मागता चहात घालायला दूध आणून ठेवलं. ते कोणी घेतलं नाही.

पंधरा दिवसांनी ताई परत गेली. त्यानंतर साडूंनी प्रश्न विचारणं सोडलं. फलाफल घेतात, तोंडातून ब्र काढत नाहीत. आमच्याकडे आले तेव्हा बायको सवयीने वेगळी सुरी शोधत होती, तर म्हणाले, ‘कशाला त्रास घेता, जे असेल ते वाढा.’ कांदाभजी वाढली. त्यांनी सहा खाल्ली, चांगली झालीत म्हणाले, आणि हात धुऊन गेले. आमची मुलगी त्या दिवशी खोलीत न जाता टेबलावर बसून राहिली होती. इतकी वर्षं ज्यांच्या कटकटीने मी हैराण झालो होतो, त्यांची ती कटकट परत यावी म्हणून मी काय वाटेल ते केलं असतं. घरी जाण्याचं नावही आता ते काढत नाहीत. कोणाकडे जायचं, असा प्रश्न त्यांना पडला असावा. मला भीती वाटायला लागली होती.

ऑगस्टच्या अखेरीस ताईचा माझ्या बायकोला फोन आला. सांगलीत उतरल्या दिवसापासून तिने कांदा-लसूण बंद केला होता. वर ताकीद, की ह्यांना कळता कामा नये, कीव करते असं वाटेल त्यांना. बायकोने मला शपथ घातली. म्हणजे आता तिकडे ती एकटी जेवत होती आणि इकडे हे. दोघांची अक्कल मिळून एक ताट जुळेना. मी आठ दिवस शपथ पाळली. नवव्या दिवशी ऑफिसातून निघून साडूंना गाडीत घातलं आणि व्हिएतनामी बाईंकडे नेलं. ते यायला तयार नव्हते, पण विरोध करण्याइतकाही जोर त्यांच्यात उरला नव्हता.

सूप आलं. त्यांनी चमचा उचलला तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी चमचा तसाच हातात धरला. मग विचारलं, ‘कधीपासून?’

‘ताई परत गेली त्या दिवसापासून.’

‘आणि रात्री? आठवणीने करते ना? तिला एकटीला कंटाळा येतो स्वयंपाकाचा.’

मी म्हटलं, रोज करते. त्यांनी घड्याळ पाहिलं. पावणेसहा झाले होते. सांगली आपल्या अडीच तास पुढे. त्यांनी चमचा परत खाली ठेवला.

‘साडेआठला बसते ती जेवायला,’ साडू म्हणाले. ‘तुम्ही सुरुवात करा, साडूभाऊ. मी थांबतो.’

मीही थांबलो. बाई येऊन काही कमी आहे का म्हणून विचारून गेल्या. साडूंनी मान हलवून नाही म्हटलं, आणि वाडग्यावर बशी झाकून सहा वाजायची वाट बघत बसले.