बसायला जायची

बायडाबाई आधी त्या चित्राचं तोंड भिंतीकडं करायच्या आणि मगच केरसुणी हातात घ्यायच्या. कोल्हापुरातल्या चित्रकलेच्या त्या शाळेत झाडलोटीला लागून त्यांना आठ महिने झाले होते, आणि पहिल्या आठवड्यापासून हा नेम चालला होता. झाडून-पुसून झालं की चित्र पुन्हा सरळ. कुणाला पत्ता नव्हता.

भित्री बाई म्हणावं तर तसंही नाही. शिरोळच्या महापुरात पत्र्यावर बसून दोन रात्री काढलेली ही बाई. वर्गात ओल्या फडक्यात गुंडाळलेली मातीची मुंडकी असायची, प्लास्टरचे तुटके हात असायचे. ते सगळं खुशाल बाजूला सारून त्या केर काढायच्या. पण हे चित्र निराळं होतं. लाकडी स्टुलावर बसलेली, हिरव्या लुगड्यातली सावळी बाई. उभं राहून पाहिलं तर ती कुणाकडंच बघत नसे. फरशी पुसायला उकिडवं बसलं, की तिचे डोळे थेट आपल्या डोळ्यांत. उठलं की नजर सुटली, बसलं की लागली. सकाळी सातला त्या रिकाम्या वर्गात हातातलं फडकं आपोआप थांबायचं.

त्यात तो टर्पेंटाइनचा वास. पहिल्याच दिवशी तो नाकात गेला आणि त्यांना उगाच रडू आलं. जन्मात कधी न घेतलेला वास ओळखीचा कसा वाटतो, ते काही त्यांना उमजेना.

बायडाबाईंना आई आठवत नाही. झुंबरबाई तिचं नाव. ती कोल्हापुरातच तापानं गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. आत्यानं तिला शिरोळला नेलं. फोटो एकही नाही. राहिलं ते आत्याचं एक वाक्य, आवाज खाली आणून, तोंड वाकडं करून म्हटलेलं: "तुझी आई बसायला जायची." कुठं, कशाला, हे विचारायची सोय नव्हती. धंद्याच्या बायकांबद्दल चारचौघी ज्या अर्थानं हे बोलतात, तो अर्थ पोरीला मोठेपणी कळला आणि कायमचा मानेवर बसला. लग्नकार्यात, हळदी-कुंकवात बायडाबाई सदा मागच्या रांगेत. कुणी आईचं नाव विचारलंच, तर त्या पदर सारखा करत उठून जायच्या. दोन वर्षांमागं त्या कोल्हापुरात लेकीकडं राहायला आल्या. त्या लेकीलाही हे नाव ठाऊक नव्हतं.

एके दिवशी व्यक्तिचित्रं शिकवणाऱ्या संयोगिता मॅडम लवकर आल्या आणि चोरी उघडी पडली.

"मावशी, हे चित्र उलटं कुणी केलं?"

"म्या केलं. ती बघती माझ्याकडं."

शिकलेल्या बायका अशा वेळी हसतात, हा बायडाबाईंचा अनुभव. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चित्र सरळ केलं. "भीती वाटते कारण तुम्ही तिच्याकडं बघत नाही. या, बघा. तिच्या गालावर उजेड कुठून आलाय?"

बायडाबाईंनी जीव मुठीत धरून पाहिलं. डावा गाल उजळ, उजवा काळोखात. मान वळवून त्या म्हणाल्या, "ह्याच खिडकीतनं की. म्हंजे ती हितंच बसलीती?"

"इथंच. पंचावन्न-छप्पन्न वर्षं झाली असतील."

ते ऐकून भीती कमी व्हायची ती वाढलीच. पण मॅडमनी पिच्छा सोडला नाही. रोज सकाळी एक प्रश्न. सावली काळी आहे का? (नाही, नीट पाहिलं तर जांभळी निघाली.) पाठ ताठ का? ("दमलीया, पर दावत न्हाय.") पोरं वर्षभर फी भरून जे शिकत नाहीत, ते बायडाबाई बादली हातात धरून शिकल्या. चित्र भिंतीकडं वळवायचं मात्र त्यांनी सोडलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "हा उजवा हात बघा, अर्धवट उचललेला. इथं चित्रकार चुकलाय. मुलांना मी हा दोष म्हणून दाखवते."

बायडाबाईंनी आपला उजवा हात तसाच उचलून पाहिला. मग म्हणाल्या, "चुकलं न्हाय मॅडम. गप बस म्हणतीया ती. हिच्यासमोर पोर हाय."

"कुठं?"

"हितं." आणि त्या आपल्या फरशीवर उकिडव्या बसल्या.

बारा वर्षं ते चित्र शिकवणाऱ्या मॅडम पहिल्यांदा त्यांच्या शेजारी खाली बसल्या. वर पाहिलं. ती खरंच बघत होती.

मॅडमनी उठून चित्र उलटलं. कापडाच्या मागं कुणा विद्यार्थ्याच्या हातची पेन्सिलची अक्षरं होती. आठ महिने रोज सकाळी ती बायडाबाईंसमोर होती; पण बायडाबाईंना वाचताच येत नव्हतं. मॅडमनी मोठ्यानं वाचलं: "मॉडेल झुंबरबाई. बैठक सहावी. मॉडेल सारखी पोरीकडे बघते."

बायडाबाईंनी त्या अक्षरांवरनं बोट फिरवलं.

"बैठक म्हंजे?"

"चित्र काढू द्यायला मॉडेल बसते ना, ती बैठक. गरिबाघरच्या बायका यायच्या इथं."

"काय करायला यायच्या?"

"बसायला," मॅडम म्हणाल्या.

बायडाबाईंनी चित्र स्वतःच्या हातानं सरळ केलं आणि त्या परत त्याच फरशीवर बसल्या. वास तोच, खिडकी तीच. चित्रातला हात गप बस म्हणत होता आणि साठीची बाई गप बसली होती. डोळ्यांना धार लागली होती, पण नजर काढून घेववत नव्हती. छप्पन्न वर्षं ती बिचारी ह्याच जागेकडं बघत बसली, आणि आपण रोज सकाळी तिचं तोंड भिंतीकडं केलं, हे त्यांच्या काळजाला लागलं.

तेवढ्यात पोरं वर्गात शिरली. झाडणारी बाई चित्रासमोर फतकल मारून बसलेली पाहून एकीनं विचारलं, "मावशी, कोण हो ही?"

बायडाबाई उठल्या नाहीत. पदरालाही हात लावला नाही. साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "झुंबरबाई. माझी आई हाय. हितं बसायला यायची."