माडबंदरच्या सात गोष्टी

लातूरच्या माणसाला समुद्र दाखवायला न्या, बसमधून उतरल्या उतरल्या तो पहिला प्रश्न विचारतो, "जेवण कधी?" त्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी झाल्यावर कुणालाही आधी पोटच आठवणार. म्हणूनच शिवप्रसादच्या कोकण सहलीत सगळ्यात मोठा माणूस मालक शिवप्रसाद नव्हता, ड्रायव्हरही नव्हता. तो मान आचारी चन्नबसप्पाचा होता.

दर हिवाळ्यात शिवप्रसादच्या चार-पाच सहली माडबंदरला जायच्या. माडबंदर हे कोकणातलं एक निवांत गाव. निवांत म्हणजे इतकं, की दुपारी एक वाजला की दुकानांच्या फळ्या लागत त्या चारला उघडत. लातूरच्या गंजगोलाई बाजारात दिवसभर गल्ल्यावर बसणारे आमचे व्यापारी ते बघून चक्रावायचे. "ह्यांचं चालतं कसं बाबा?" असं एकमेकांना विचारायचे आणि मग स्वतःच माडाखाली घोरत पडायचे. बस गावात शिरली की शिवप्रसाद माइक हातात घेऊन सांगायचा, "माडबंदरात करायच्या गोष्टी सात! एक, होडीनं किल्ला. दोन, डॉल्फिन. तीन, शंख-शिंपले. चार, झऱ्यावरचा महादेव. पाच, सुपारीच्या वाडीत फेरी. सहा, कोकम सरबत. आन् सात, समुद्रावरचा सूर्य!"

सगळ्यात मागच्या सीटवर, ज्वारीच्या पिठाच्या पोत्याला टेकून बसलेल्या चन्नबसप्पाला ही यादी लिंगपूजेत म्हणायच्या वचनांसारखी पाठ झाली होती. त्यातली एकही गोष्ट त्यानं केलेली नव्हती.

करणार कधी? लॉजच्या मागं पत्र्याचं एक शेड होतं, तिथं त्याची भट्टी लागायची. पुढं भिंत, भिंतीपलीकडं डोंगर. समुद्र लॉजच्या दुसऱ्या अंगाला, तीनशे पावलांवर. पहाटे चारला उठून चहा, मग मुरमुऱ्यांचा सुशीला नाहीतर पोहे, तो उरकतोय तोवर दुपारच्या भाकरी. समुद्राकाठी आलेल्या माणसांनाही भाकरी लागायचीच, अन् ती पातळच लागायची. संध्याकाळी लोक वाळूतून परत यायच्या वेळेला गरम भजी तयार पाहिजेत, हा शिवप्रसादचा नियम. रात्री भांडी. चन्नबसप्पाला समुद्र ठाऊक होता तो आवाजानं. पहिल्या दिवशी त्याला वाटलं होतं, जवळपास डाळमिल असावी.

पहिल्या सहलीहून तो घरी आला तेव्हा बायको जगदेवी दारातच बसली होती. शेजारच्या पार्वतम्मा होत्या, आणि जगदेवी ज्या मिलमध्ये डाळ निवडायला जायची तिथल्या आणखी दोघी. जगदेवीनं मिलभर सांगून ठेवलं होतं की आमचे हे समुद्र बघायला गेलेत. 'बघायला' हा शब्द ऐकून चन्नबसप्पा पायरीवरच थबकला.

"काय काय बघितलं तुमी?" जगदेवीनं विचारलं.

लॉजची मागची भिंत बघितली असं चार बायांसमोर कसं सांगणार? त्यानं पिशवी खाली ठेवली आणि शिवप्रसादची यादी सुरू केली. होडी केवढी हलते, डॉल्फिन कसा उडी मारतो. जगदेवी एकेका गोष्टीनंतर विचारायची, "आन् मग?" त्या 'आन् मग'ला पुरा पडता पडता तो सातव्या गोष्टीपर्यंत आला. शिवप्रसाद तर एवढंच म्हणायचा, समुद्रावरचा सूर्य. पुढचं चन्नबसप्पानं किराणा दुकानातल्या कॅलेंडरवर बघितलेलं जोडून दिलं.

"आन् मग सकाळी सकाळी सूर्य पाण्यातून वर येतो. भिजल्यावानी. लालभडक."

"अय्यो!" पार्वतम्मा म्हणाल्या. जगदेवी नुसती बघत राहिली. नवऱ्याकडं असं बघणं लग्नानंतर तिनं बहुधा पहिल्यांदाच केलं असेल.

एकदा मारलेली थाप निस्तरायची तर तिथल्या तिथं निस्तरावी. चन्नबसप्पानं ती वाढवली. दर सहलीनंतर जगदेवी विचारायची आणि तो सांगायचा. आठ वर्षांत त्याचा डॉल्फिन वाढून म्हशीएवढा झाला. मनात यायचं, खरं सांगून टाकावं. पण ती डाळीतले खडे काढून काढून डोळे चोळत घरी यायची आणि म्हणायची, "समुद्राचं सांगा की," मग त्याच्यानं होत नसे. पुढच्या खेपेला सांगू, असं तो स्वतःला सांगायचा.

मग एका हिवाळ्यात सहलीला येणाऱ्या दोन बाया ऐनवेळी आल्या नाहीत, आणि शिवप्रसाद म्हणाला, "सीट मोकळीच जाणार, चन्नबसप्पा. वहिनींना घ्या की."

जगदेवीनं नवी इरकल काढली. चन्नबसप्पाचा रस्ताभर डोळ्याला डोळा लागला नाही. होडीवाला आपल्याला ओळखणार नाही, किल्ल्याचा रस्ता आपल्याला दाखवता येणार नाही, ह्याचीच त्याला धास्ती. पण काम धावून आलं. माडबंदरला पोचताच पन्नास माणसांचा चहा अंगावर पडला आणि जगदेवी एकटीच लॉजवर गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून शेडमध्ये आली. हातात पूजेची छोटी पिशवी.

"लिंगपूजा आज तिथंच करते," ती म्हणाली. "समुद्राकडं तोंड करून. सूर्य पाण्यातून वर येतावेळी. तुमी येता?"

"पोहे कोण करील?"

ती गेली. वाळूत बसली, गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं आणि पाण्याकडं बघत थांबली. हे सगळं चन्नबसप्पाला नंतर सहलीतल्या एका बाईनं सांगितलं. ती बाई फिरायला गेली होती. तिला नवल वाटलं, ही बाई पूजा झाली तरी उठत का नाही. फटफटलं, उजाडलं, पाठीमागून ऊन आलं, जगदेवीची सावली लांबलचक पुढं पाण्यापर्यंत गेली. तेव्हा तिनं एकदा वळून मागं डोंगराकडं बघितलं. मग लिंग परत गळ्यात घातलं आणि उठली.

ती शेडमध्ये आली तेव्हा चन्नबसप्पा कढईतले पोहे हलवत होता. साडीचा काठ ओला, त्याला वाळू चिकटलेली.

"बघितला?" त्यानं विचारलं.

"हाव," जगदेवी म्हणाली. "तुमी सांगितला तसाच."

आणि त्याच वेळी डोंगराच्या माथ्यावरून ऊन थेट चन्नबसप्पाच्या डोळ्यांत आलं. रोज येत होतं. आठ हिवाळे ह्याच वेळी, ह्याच शेडमध्ये, हेच ऊन डोळ्यांत घेऊन तो पोहे हलवत होता आणि वैतागून टॉवेल कपाळावर ओढून घेत होता. सूर्य डोंगराकडून येतो तर समुद्रातून कसा येईल, एवढा साधा हिशेब त्याच्या टाळक्यात कधी शिरला नव्हता. कांदे चिरताना कुणाला दिशा आठवतात? झारा हातात तसाच राहिला. त्यानं जगदेवीकडं बघितलं. ती खाली बसून लसूण सोलायला लागली होती.

त्या सहलीत ती परत समुद्राकडं गेली नाही. लोक होडीत बसले, किल्ला बघून आले, कोकम सरबताचे डाग पाडून घेतले. ती शेडमध्ये लसूण सोलत, कणीक मळत राहिली. "जा की," तो एकदा म्हणाला. "तुमच्याबिगर न्हाई," ती म्हणाली. शेडमध्ये त्या वेळी दोघंच होती. सांगून टाकायला त्याहून चांगली घडी आली नसती. त्यानं भट्टीची हवा कमीजास्त केली.

घरी आल्यावर पार्वतम्मा आल्या, मिलमधल्या बायका आल्या. "काय काय बघितलं गं?" जगदेवीनं सातही गोष्टी सांगितल्या. होडी केवढी हलते इथपासून सुरुवात. चन्नबसप्पा आतल्या खोलीत होता.

"आन् सूर्य पाण्यातून वर येतो," जगदेवी बाहेर सांगत होती. "ह्यांनी सांगितला व्हता ना, तस्सा. भिजल्यावानी."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चारचौघांत भांडण काढलं असतं, तोंड फिरवलं असतं, तर बरं झालं असतं. तिनं त्याची थाप आपल्या पदराखाली घेतली आणि त्यानंतर ह्या घरात तो विषय निघाला नाही. ती विचारीना, तो सांगेना. सहलीहून आला की पिशवी ठेवायचा, ती पाणी द्यायची. 'आन् मग' बंद झालं.

पुढं तिच्या पायावर सूज दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा मशीनवर न्यायचं, आणि मीठ बंद. ज्याच्या हातच्या भाजीसाठी पन्नास माणसं ताट घेऊन रांगेत उभी राहायची, तो माणूस दोन वर्षं बायकोसाठी अळणी शिजवत राहिला. स्वतःही तेच खायचा. मुलगी मंजुश्री उदगीरहून यायची, चव घेऊन तोंड वाकडं करायची आणि मग दाराआड जाऊन रडायची. दोन हिवाळे शिवप्रसादनं दुसरा आचारी नेला.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी जगदेवी उशीशी टेकून बसली होती. मंजुश्री औषध आणायला गेलेली. जगदेवी अचानक म्हणाली, "समुद्राचं सांगा की."

किती वर्षांनी. चन्नबसप्पाच्या ओठावर खरं आलंच होतं. मी बघितला न्हाई जगदेवी, कवाच न्हाई. पण तिचा चेहरा सुकून एवढासा झालेला, तिला वाईट वाटलं तर? त्यानं घसा खाकरला आणि होडीपासून सुरुवात केली. डॉल्फिन झाला, महादेव झाला, सुपारीची वाडी झाली. ती डोळे मिटून ऐकत होती. सातव्या गोष्टीशी तो अडखळला.

"आन् मग?" तिनं विचारलं.

"आन् मग सूर्य पाण्यातून वर येतो," तो म्हणाला.

जगदेवीनं डोळे उघडून त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग "हाव" म्हणाली आणि भिंतीकडं कूस वळवली. तिनं आपल्याला खरं बोलायची एक संधी दिली होती, आणि आपण तीही घालवली, हे त्याला ती गेल्यावर कळलं. काही माणसांची अक्कल भाकरीसारखी नसते, वेळेवर फुगत नाही.

चारच दिवसांनी ती लिंगैक्य झाली. लिंगायत रीतीप्रमाणं तिला बसवून माती दिली. खड्ड्यात विभूती घातली, बेलाची पानं घातली आणि लोकांनी ओंजळीओंजळीनं मीठ घातलं. जाडं, खडे मीठ. दोन वर्षं चिमूटभरासाठी तरसलेली बाई गळ्यापर्यंत मिठात बसली. चन्नबसप्पाची पाळी आली तेव्हा त्याची मूठ उघडेना. मंजुश्रीनं बोटं धरून ती उघडली.

गेल्या हिवाळ्यात शिवप्रसाद घरी येऊन बसला. "घरात बसून काय करता? चला." चन्नबसप्पा गेला. तेच शेड, तीच भिंत, सकाळी डोळ्यांत तेच ऊन. ह्या खेपेला त्यानं टॉवेल ओढला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेल तापलं होतं, पीठ भिजवलेलं होतं. त्यानं भट्टी बंद केली, हात पुसले आणि लॉजला वळसा घालून चालायला लागला.

तीनशे पावलं. एवढंच अंतर होतं.

सहलीची माणसं वाळूत बसली होती. "अरे, आचारी आले! भजी झाली का?" कुणीतरी हसत विचारलं. तो पुढं जाऊन पाण्याशी उभा राहिला. सूर्य खाली आला, लाल झाला, पाण्याला टेकला. चपटा झाला. मग अर्धा, मग नखाएवढा, मग नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. असल्या गोष्टीला टाळ्या वाजवणारी माणसं बघून चन्नबसप्पाला त्यांचा राग आला. तो तिथंच वाळूत बसला आणि पोरासारखा रडला. त्या दिवशी भजी मिळाली नाहीत. शिवप्रसाद तणतणत आला होता, पण त्याचा चेहरा बघून परत गेला.

लातूरला उतरल्यावर तो घरी गेला नाही. पिशवी घेऊन तसाच जगदेवीच्या मातीशी गेला. ढिगावर गवत वाढलं होतं. त्यानं ते उपटलं, बाजूला ठेवलं, आणि बसला.

"होडीत बसलो न्हाई मी," तो म्हणाला. "किल्ला बघितला न्हाई. डॉल्फिन न्हाई, शिंपले न्हाई. महादेवाला गेलो न्हाई, वाडीत न्हाई. सरबत दुसऱ्यांनाच वाढलं. लॉजच्या मागं भिंत हाय, जगदेवी, तेवढीच बघितली. तुला ठाऊकच हाय."

पलीकडच्या रस्त्यानं एक रिक्षा गेली. ती जाईपर्यंत तो थांबला.

"परवा मातूर बघून आलो. सूर्य तिथं बुडतो. उगवत न्हाई."

एवढं बोलून तो सवयीनं जरा थांबला. 'आन् मग?' आलं नाही. मग त्यानं उपटलेलं गवत उचललं, कुंपणापलीकडं टाकलं आणि पिशवी घेऊन घराकडं चालायला लागला.